खिडकीतली मुंबई

मुंबईचं पाणी ते प्यायचे नाहीत. बैठकीला जायचं ठरलं की आधी मिठबावला घरी जाऊन विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचे, आणि तो कॅन कुडाळ स्टेशनापासून थेट मुंबईच्या मुख्य कार्यालयापर्यंत स्वतःच्या हातानं वाहायचे. आमच्या साहेबांनी एकदा बाटलीबंद पाणी पुढं केलं, तर नम्रपणे म्हणाले, नको सर, आहे माझ्याकडे. खरं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. "माझो थोरलो भाऊ गिरणीत गेलो. थंयचां पाणी प्यालो आणि थंयचोच झालो. आमची आवस मेली तेव्हा पावण्यासारखो इलो आणि पावण्यासारखो गेलो. म्हणान मी आपलां पाणी घेवन जातंय."

हे सांगताना ते हसत नव्हते. त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. ओरोसच्या ज्या सरकारी कार्यालयात मी लागले, तिथं ते हेडक्लार्क होते. माझं घर पिंगुळीला. रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करायची. पहिल्या दिवशी मी घाबरत त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले, तर त्यांनी माझं नाव, शिक्षण काहीच विचारलं नाही. पिंगुळीत अमक्याची विहीर आटली का, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. संध्याकाळी विचारून ये म्हणाले. मी विचारून आले. मग तीन दिवसांनी त्यांनी मला बसायला खुर्ची कुठली ते सांगितलं.

त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि टेबलावर कागदांपेक्षा पुड्या जास्त असायच्या. मुंबईहून फोन आला की ते उठून उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. पलीकडे एखादा शिपाई बोलत असला तरी. जेवायला बसले की डबा उघडून आधी वास घ्यायचे आणि आज बायकोचा मूड कसा होता ते जाहीर करायचे. बायको मिठबावला, डबा खानावळीचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी बोलायचं नाही.

त्या काळी साहेबांना सारखं मुंबईला जावं लागे. आढावा बैठक म्हटलं की जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं तिकडं हजर व्हायचं आणि फायली सांभाळायला कोणीतरी बरोबर न्यायचं. ते कोणीतरी म्हणजे कायम भाऊसाहेब. रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, मग मुख्य कार्यालयाच्या गॅलरीतल्या बाकावर दिवसभर बसणं. जिल्ह्याची पाळी आली की साहेब आत जायचे, दहा मिनिटांत बाहेर यायचे. कधी पाळी यायचीच नाही. बैठक पुढं ढकलली जायची आणि दोघं पुन्हा रात्रीच्या गाडीत.

साहेब वैतागायचे. भाऊसाहेब कधीच नाहीत. त्याचं कारण त्यांच्या पिशव्यांत होतं. सरकारी फायलींची पिशवी एक, आणि बाकीच्या मालवण, देवगड, कुडाळच्या आयांनी दिलेल्या. सोलं, उकडे तांदूळ, सुके बांगडे, कुळथाचं पीठ, एखाद्या वेळी कोवळा फणस. ज्यांची मुलं मुंबईत होती त्यांना भाऊसाहेबांची बैठक कधी आहे हे साहेबांच्या आधी कळायचं. बैठक उरकली की साहेब नातेवाइकांकडे आराम करायला जायचे आणि भाऊसाहेब खोल्याखोल्यांतून पिशव्या पोचवत फिरायचे.

सामान पोचवणं त्यांच्या लेखी गौण होतं. खरं काम परत आल्यावर सुरू व्हायचं. पोचवलेल्या प्रत्येक पिशवीबद्दल ते बघून आलेलं सांगायचे, आणि ते सांगणं ऐकण्यासारखं असे. पोरगा भेटला, बरा आहे, एवढ्यावर ते कधी थांबले नाहीत. दार कोणी उघडलं, चुलीवर काय शिजत होतं, भिंतीवर कुठल्या देवाचा फोटो आहे, सुनेच्या हातात बांगड्या किती, नातवाचा पुढचा दात पडलाय तो कुठल्या बाजूचा. ऐकणारी म्हातारी डोळे मिटून घ्यायची आणि तिला ती खोली दिसायची. आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात मी अशा कितीतरी बायका डोळे मिटून बसलेल्या बघितल्या आहेत.

शेवंती त्यातलीच. मालवणची मासे विकणारी. आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीनं पाटी घेऊन ओरोसला यायची आणि आमच्या फाटकाबाहेर बसायची. उंच, काळीसावळी, केसात अबोलीचा वळेसर आणि आवाज असा की पहिल्या मजल्यावर बसून भाव कळावा. नवरा होडीवर गेलेला कधीच परतला नव्हता. एकुलता एक मुलगा दिगंबर मुंबईला धक्क्यावर बर्फाच्या कामाला होता. तो गणपतीला यायचा, मग गणपतीलाही येईनासा झाला. गल्लीतल्या दुकानात त्याचा फोन यायचा. सुट्टी नाय, खोलीत जागा नाय, तू येव नको, मीच येतंय. हे तिनं आम्हाला अनेकदा सांगितलं होतं, त्याच्या आवाजाची नक्कल करून.

भाऊसाहेब मुंबईहून आले की ती पाटी तशीच टाकून व्हरांड्यात यायची. ते म्हणायचे, "बरो आसा." ती म्हणायची, आणि? "बरो आसा. कामात आसा. तुझे बांगडे पोचले." मग ते फाइल उघडायचे. इतर बायकांना अर्धा तास सांगणारा हा माणूस हिला एवढ्यातच उठवतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, मुलगा व्यसनी असेल, किंवा त्यानं तिकडं घर थाटलं असेल. विचारायची माझी हिंमत नव्हती.

मग ते परिपत्रक आलं. अधिकाऱ्यांच्या प्रवासावर फार खर्च होतो, तो आटोक्यात आणायचा. यापुढं आढावा बैठका व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून होतील. खास परवानगीशिवाय कोणी मुंबईला यायचं नाही. आमच्याकडं जुन्या फायलींची एक खोली होती, ती रिकामी करून गालिचा घातला, निळे पडदे लावले, एसी बसवला. समोर मोठा टीव्ही, त्याच्यावर कॅमेरा, टेबलावर माइक. माझ्याकडे कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं म्हणून ते सगळं चालवायचं काम माझ्या गळ्यात आलं. खोलीची किल्ली मात्र भाऊसाहेबांकडे.

ते विरोध करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी केला नाही. उलट चहाच्या वेळी कोणी सरकारला नावं ठेवायला लागलं की ते सरकारच्या बाजूनं बोलायचे. "चुकलां काय? दहा मिनटांच्या बोलण्याक दोन रात्री कित्या घालवायच्यो? तां तिकीट, तो भत्तो, सगळो लोकांचोच पैसो." साहेबांना मधुमेह होता. ते आता घरी झोपू लागले, त्यांचा चेहरा सुधारला. पावसाळ्यात एक पूल खचला तेव्हा साहेबांनी त्याच दुपारी पडद्यासमोर बसून वरची मंजुरी घेतली. पूर्वी त्याला पंधरवडा लागला असता. हे भाऊसाहेबच सगळ्यांना सांगत होते.

एक गोष्ट झाली. मुंबईला बोलवायचं म्हणजे वरचे लोक पूर्वी दोनदा विचार करत. आता बोलावणं सोपं झाल्यावर आठवड्याला बैठका व्हायला लागल्या. साहेब म्हणाले, पूर्वी मी मुंबईला जायचो आणि परत यायचो. आता मुंबई येते ती जातच नाही.

भाऊसाहेब त्या यंत्राला 'खिडकी' म्हणायचे. आज खिडकी किती वाजता उघडणार, असं मला विचारायचे. चपला बाहेर काढून आत यायचे, पडदा उजळला की कॅमेऱ्याला नमस्कार करायचे. पलीकडचे अधिकारी सुरुवातीला गोंधळले, मग तेही नमस्कार करायला लागले. पडद्यात त्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन भाऊसाहेबांचा जुना बाकावरचा मित्र उभा असे, सावळाराम नावाचा शिपाई, मूळचा फोंडाघाटचा. बैठक सुरू व्हायच्या आधी अर्धा तास लाइन तपासायची असायची. त्या वेळी दोन्हीकडे अधिकारी नसत. मी इकडून हॅलो हॅलो करायचे, तिकडून त्यांचा ऑपरेटर, आणि मग भाऊसाहेब आणि सावळाराम भाताच्या लावणीबद्दल बोलायचे.

पिशव्या मात्र थांबल्या. व्हरांड्यात बायका यायच्या आणि भाऊसाहेब त्यांना सांगायचे की आता आपली बैठक इथंच. एक-दोघींनी विचारलं, म्हणजे तुम्ही बोलता तिकडं, पण जात नाही? हो. मग सोलं कशी जाणार? मला वाटतं, त्या दिवसांत पहिल्यांदा ते मला म्हातारे दिसले. टेबलावर पुड्या नव्हत्या आणि काय करावं ते त्यांच्या हातांना सुचत नव्हतं.

शेवंतीला खिडकीची बातमी शिपायाकडून कळली. एक दिवस ती पाटी फाटकाशी ठेवून सरळ आत आली. भाऊसाहेबांच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "तुमच्या त्या टीव्हीत मुंबय दिसता म्हणतत. माका माझो झील दाखवा."

भाऊसाहेबांनी तिला समजावलं, की हे सरकारी आहे, यात फक्त अधिकारी दिसतात. ती म्हणाली, माणसंच दिसतात ना? त्यांनी नियम सांगितला. ती म्हणाली, नियम तुम्हाला ठाऊक, मला त्यातलं काय कळतं. फोनवर आवाज ऐकते, पण तोंड बघून किती वर्षं झाली. माझे दिवस किती राहिले सांगा. मोठ्या आवाजाची ती बाई हे सगळं हळू बोलली. सबंध कचेरीनं माना खाली घातल्या होत्या.

ती रोज नाही, पण प्रत्येक फेरीला येऊन तेच विचारू लागली. असा महिना गेला असेल. मग एका दुपारी भाऊसाहेब माझ्याकडे आले आणि तपासणीच्या अर्ध्या तासात पाच मिनिटं देशील का, असं विचारलं. कोणी काही विचारलं तर मी सांगेन, तू काही बोलू नको, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. एका आईला मुलगा दाखवायचा, त्यात काय. नंतर ते व्हरांड्यातल्या फोनवरून सावळारामशी बराच वेळ बोलले. उभे राहून, बटण लावून. एक वाक्य माझ्या कानावर आलं: आधी खुर्चीवर बसव, मगे खिडकी उघड.

ठरल्या दिवशी शेवंती नवं लुगडं नेसून आली. पाटी आणली नव्हती. नळावर हातपाय धुतले, साबण मागून घेऊन पुन्हा धुतले. आत आल्यावर तिला साहेबांच्या खुर्चीवर बसवलं, तर ती अगदी कडेला टेकली. भाऊसाहेब तिच्या मागे उभे राहिले. मी लाइन जोडली.

पडद्यावर आधी निळा रंग आला, मग टेबल, आणि टेबलामागे दिगंबर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. तो आईसारखाच सावळा होता. त्यानं हात जोडले आणि "आये" म्हणाला. आवाज थोडा मागून येत होता, त्यामुळे ओठ आधी हलले.

शेवंती खाडीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली. जेवलास का, बारीक झालास, केस का गेले पुढचे. घराच्या मागच्या भिंतीला गिलावा केलाय. शेजारच्या काशीला मुलगा झाला. तोही बोलत होता, हसत होता. टेलिफोनचं बूथ सांभाळतो म्हणाला; बर्फाचं काम सोडलं, बसून काम असतं, बरं आहे. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, एसी चालू असून.

मग ती म्हणाली, "उभो रव रे जरा. इतक्या वर्सांनी दिसतंस, सगळो बघूदे."

तो म्हणाला, आये, हंय जागा नाय, वायरी आसत.

"जागा दिसता माका. उभो रव."

भाऊसाहेब पुढं होऊन म्हणाले की वेळ झाली, आता साहेब येतील. तिनं त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आयुष्यभर मासे निवडलेली बाई ती. समोरचा माल पुरता बघितल्याशिवाय हलणारी नव्हती. पडद्यावर दिगंबर तसाच बसून होता आणि आता हसत नव्हता. माझा हात बटणावर होता. लाइन गेली म्हणायला काहीच लागत नव्हतं, आठवड्यातून एकदा तरी ती जायचीच. मी भाऊसाहेबांच्या खुणेची वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मान नकारार्थी हलवली.

दिगंबर टेबलाला धरून उठला. कॅमेरा बसलेल्या माणसांसाठी लावलेला. तो उभा राहिला तसं त्याचं तोंड पडद्याच्या वर निघून गेलं आणि नुसता शर्ट उरला. त्या शर्टाच्या बाजूनं सावळारामचा हात आला आणि त्यानं बगलेखाली कुबडी दिली. मग तो शर्ट हळूहळू टेबलाच्या कडेनं बाहेर आला, मोकळ्या जागेत, मागे सरकला, आणि सगळा दिसला. डाव्या पायाची पँट गुडघ्याच्या खाली दुमडून टाचलेली होती.

शेवंती रडली नाही. बराच वेळ बघत राहिली आणि मग विचारलं, दुखता? तो म्हणाला, आता नाय. तिनं विचारलं, कोणी बघितलं तुझ्याकडे तेव्हा, जेवणाखाण्याचं? तो म्हणाला, मित्र होते, आणि भाऊसाहेब यायचे.

"बस," ती म्हणाली. "खाली बस आता."

तो बसला. ती उठली आणि भाऊसाहेबांसमोर येऊन उभी राहिली. आजवर ती त्यांना तुमी म्हणत आली होती.

"सगळ्यांच्यो पिशयो पुऱ्यो पोचवतंस तू," ती म्हणाली. "माझो झील तेवढो अर्धो आणलंस."

एवढं बोलून ती बाहेर गेली. दारात साहेब उभे होते. ते कधी आले होते कोण जाणे. ते आत येऊन आपल्या खुर्चीवर बसले. पाच मिनिटांनी बैठक सुरू झाली. प्रवासखर्चात किती बचत झाली याचा आढावा हा त्या दिवशीचा पहिला विषय होता, आणि आमच्या जिल्ह्याचं कौतुक झालं. भाऊसाहेब साहेबांच्या मागे फायली घेऊन उभे होते. त्यांनी त्या दिवशी नमस्कार केला नव्हता, आणि पलीकडून ते कोणाच्या तरी लक्षात आलं. भाऊसाहेबांची तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी विचारलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. बर्फाची लादी घसरून दिगंबरचा पाय चिरडला तेव्हा ते योगायोगानं मुंबईत होते. पिशवी घेऊन त्याच्या खोलीवर गेले, तिथून इस्पितळात. पाय कापलेला होता. त्यानं त्यांचा हात धरून आईची शपथ घातली, तिला सांगायचं नाही. बापाचं असं झालं, आता माझं ऐकून ती मरेल. परत आल्यावर ती फाटकातच उभी होती. कसा आहे म्हणाली, आणि यांच्या तोंडून बरो आसा निघून गेलं.

"एकदा सांगलंय, मगे त्याच वाटेन परत परत जावचां लागला," ते म्हणाले. "खिडकीत माणूस कमरेपर्यंतच दिसता. माका वाटलां, निभावतलां. ती उभो रव म्हणाली तेव्हा माका कळलां, की मी तिका सोडून बाकी सगळ्यांचां आयकलंय."

मुंबईच्या ऑपरेटरनं वर कळवलं असावं. सरकारी यंत्रणा खासगी कामासाठी वापरल्याबद्दल खुलासा मागणारा मेमो आला. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की काहीतरी तांत्रिक कारण लिहा, मी सांभाळून घेतो. भाऊसाहेबांनी लिहिलं: होय, मी एका आईस तिचा मुलगा दाखविला, यंत्र चालविणाऱ्या कर्मचाऱ्यास मी चाचणी असल्याचे सांगितले होते. माझ्यासाठी एवढं खोटं त्यांनी ठेवलं. मी साहेबांकडे जाऊन खरं सांगायला निघाले, तर भाऊसाहेबांनी मला दारातच अडवलं आणि पिंगुळीच्या विहिरीला पाणी आलं का ते बघून ये म्हणाले. त्यांची एक वेतनवाढ थांबली. खोलीची किल्ली काढून घेतली. त्याचं त्यांना काही वाटलं असेल तर आम्हाला दिसलं नाही.

जे दिसलं ते दुसरंच. शेवंती त्याच आठवड्यात मुंबईला गेली. कणकवलीच्या पुढं कधी न गेलेली बाई, एकटी, साध्या डब्यात बसून. सावळारामचा पत्ता तेवढा तिनं आमच्या शिपायाकडून घेतला, भाऊसाहेबांकडून नाही. चार दिवसांनी मुलाला घेऊन आली. कुडाळ स्टेशनावर ज्यांनी बघितलं ते सांगत की तिनं त्याचं सामान डोक्यावर घेतलं होतं, पण त्याला हात लावला नव्हता. त्याचा तो उतरू दे म्हणाली. पुढं दिगंबर जाळी विणायला आणि दुरुस्त करायला बसला. त्याचा हात चांगला होता. किनाऱ्यावरचे लोक त्याच्याकडे यायला लागले.

ती परत पाटी घेऊन ओरोसला यायला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी भाऊसाहेब फाटकाबाहेर गेले. त्यांना बघून तिनं पाटीवर गोणपाट ओढलं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. पुढच्या फेरीला पुन्हा गेले, पुन्हा गोणपाट. आम्ही म्हटलं, आम्ही घेतो तुमच्यासाठी. नको म्हणाले. दुसरीकडून घ्या म्हटलं. तेही नको. "ती देत नाय तर माका नको." आणि त्यांनी मासे सोडले. मिठबावचा माणूस, ज्याला मुशीच्या सागोतीचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी यायचं, तो खानावळीत डाळ-भात खायला लागला. विचारणाऱ्यांना देवाचा नवस आहे म्हणून सांगायचे. कुठल्या देवाचा, असं कोणी विचारलं तर फाटकाकडे बघायचे. असं दोनेक वर्षं तरी चाललं. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला साहेबांनी मुद्दाम जेवणात सुरमई ठेवली होती. त्यांनी वाढण्याआधीच ताट पालथं घालून नुसता पापड खाल्ला.

त्यानंतर ते मिठबावला गेले आणि मला बरीच वर्षं भेटले नाहीत. मधल्या काळात मोबाइल सगळ्यांच्या हातात आले, सावळाराम निवृत्त झाला, आमच्या खोलीतला टीव्ही बदलून आणखी मोठा आला. नवीन साहेबांना त्या यंत्राला खिडकी का म्हणतात हे ठाऊक नव्हतं, तरी तेही खिडकीच म्हणायचे.

एका संध्याकाळी मी माझ्या मावशीला गाडीत बसवायला कुडाळ स्टेशनावर गेले होते. फलाटाच्या टोकाला बाकावर भाऊसाहेब बसले होते. पाण्याचा कॅन, आणि भोवती पिशव्या. केस पुरते पांढरे झालेले, पण पाठ सरळ. मी पाया पडले. काय काम काढलं मुंबईत, विचारलं. काही नाही म्हणाले, जाऊन येतो. आता सरकारचा खर्च नाही, पेन्शनचा आहे, त्यामुळे कोणाची परवानगी लागत नाही.

मग स्वतःहूनच सांगू लागले. पूर्वीइतक्या पिशव्या येत नाहीत. एक तर सगळ्यांकडे फोन आहेत. दुसरं म्हणजे ते आता जसं बघतात तसं सांगतात. मिठबावातल्या एका बाईनं विचारलं तेव्हा सांगितलं, तुझा मुलगा पितो, सकाळपासून पितो. तिनं त्यांना अंगणातून हाकललं. मग तिच्या नवऱ्यानं मुंबईला जाऊन मुलाला इस्पितळात घातलं, पण ती अजून बोलत नाही. आणखी एकानं पिशवी परत मागून घेतली, म्हणाला, तुम्ही काय सांगाल याची भीती वाटते. हे सांगताना भाऊसाहेब कुणावर रागावलेले नव्हते. खूपशा लोकांना सामानच पाठवायचं असतं, असं म्हणाले.

गाडीची घंटा झाली तेवढ्यात जिन्यावरून शेवंती येताना दिसली. मी तिला लगेच ओळखलं नाही. वाकली होती, आणि केसात अबोली नव्हती. तिच्या मागोमाग कुबडीवर दिगंबर आला आणि जिन्यापाशीच थांबला. ती थेट आमच्या बाकापाशी आली. माझ्याकडे बघून मान हलवली. हातात केळीच्या पानात बांधलेलं, वरून फडकं गुंडाळलेलं एक पुडकं होतं. ते तिनं भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"सोडे आसत," ती म्हणाली. "माझ्या भावाचां चेडू लगीन करून मुंबयक दिलेलां आसा. कसां आसा तां बघून ये."

भाऊसाहेब त्या पुडक्याकडे बघत राहिले. गाडी फलाटात शिरत होती, लोक उठले होते. ते उठले नाहीत.

"आणि बरां नसलां तर?" त्यांनी विचारलं.

"तर तसां सांग," ती म्हणाली, आणि त्यांच्या पिशव्या उचलायला वाकली.